नत्थुजीची अकरा दिवसांची जमादारी

नत्थुजीची जमादारी उणीपुरी अकरा दिवस टिकली. नाव मात्र जन्माचं चिकटलं. पुढची चाळीस वर्षं, अगदी सरणावर जाईपर्यंत, वलगावचे लोक त्याला नत्थु जमादार म्हणत राहिले. परगावचा पाहुणा आला की हटकून विचारायचा, बुवा, हे कोणत्या पलटणीत होते? मग नत्थुजीचं डोकं फिरायचं. "जमादार तं कोनीबी होते," तो खेकसायचा. "मले मुकादम म्हना. बारा वर्सं मुकादम होतो मी!" पाहुण्याला वाटायचं, म्हाताऱ्याला चळ लागला. जमादार हा मोठा, मुकादम हा त्याच्याहून लहान. मोठं नाव सोडून लहान नाव कोण मागतं? नत्थुजीलाही ऐन उमेदीत अगदी असंच वाटलं होतं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

ते दिवसच तसे होते. तिकडे समुद्रापार अमेरिकेत एकाच देशाची माणसं एकमेकांच्या उरावर बसली होती. तिथला कापूस बंद पडला, विलायतेच्या गिरण्या उपाशी मरू लागल्या, आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीतल्या बोंडाला असा भाव आला की म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली. अमरावतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे पाहावं तिकडे बैलांच्या बंड्या, कापसानं भरलेले बोरे, दलाल, हमाल आणि हवेत तरंगणारी रुई. माणसं शिंकत होती आणि शिंकता शिंकता हसत होती. काल ज्याच्या घरी आंबाडीची भाजी शिजत होती त्याच्या घरी आज जिलेबी तळली जात होती. कुणी बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवल्या. एका बहाद्दरानं तर चांदीच्या बसवल्या, आणि मग त्या कुणी चोरू नयेत म्हणून स्वतःच गोठ्यात खाट टाकून झोपू लागला.

आगगाडी नुकती अकोल्यापर्यंत आली होती. अमरावतीकडे रूळ यायला अजून अवकाश होता. म्हणून अमरावतीचा सगळा कापूस बैलबंड्यांनी अकोल्याला न्यायचा आणि तिथे आगगाडीच्या वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, भरायचा. पाच दिवसांची वाट, मध्ये नद्या, नाले आणि मातीचे चढउतार. या वाटेवर एकतीस बंड्यांचा एक तांडा चाले, आणि त्याचा मुकादम होता नत्थुजी.

आता मुकादम म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, कारण आजकाल ते कुणाला ठाऊक नसतं. मुकादमाला कुणी नेमत नसे. दिवाळी झाली, वाटा वाळल्या, पहिली खेप निघाली, की पहिल्या मुक्कामाला चुली पेटत. भाकरी झाल्या की प्रत्येक बंडीवाला आपल्या भाकरीची एक कोर मोडायचा आणि ज्याच्या चुलीपाशी नेऊन ठेवायचा, तो मुकादम. मग रोज संध्याकाळी त्याला सगळ्यांची कोर. पगार नाही, पट्टा नाही, काही नाही. तीस चुलींच्या तीस कोरी खायच्या, आणि खाता खाता ओळखायचं. भाकर करपली, म्हणजे ह्याचं चित्त ठिकाणावर नाही. कोर आणून देणारा बसला नाही, म्हणजे शेजाऱ्याशी वाजलं आहे. भाकर कच्ची, म्हणजे गड्याला ताप आहे आणि तो सांगत नाही. नत्थुजीला ही विद्या इतकी साधली होती की तो कोर तोंडात टाकूनच विचारायचा, "काहून रे, बैल लंगडून राह्यला का तुया?"

आणि या कोरींच्या बदल्यात मुकादमानं एकच करायचं. नदी आली की पहिली बंडी त्याची. पाणी किती आहे, तळ घट्ट की रेताड, हे त्याच्या बैलांच्या पायांनी ठरायचं. बुडाले तर आधी त्याचे बैल बुडायचे. म्हणून तो म्हणाला 'चला' की एकतीस बंड्या चालायच्या आणि तो म्हणाला 'थांबा' की थांबायच्या, मग मागे प्रत्यक्ष कलेक्टर उभा असला तरी हरकत नाही.

हे थांबणंच गोवर्धनशेटला झोंबलं. गोवर्धनशेट म्हणजे ज्याचा कापूस हा तांडा वाहायचा तो अमरावतीचा अडत्या. गोड बोलणारा, गोल अंगाचा, आणि डोळ्यांत तेल घालून जागणारा माणूस. मागच्या खेपेला नत्थुजीनं काटेपूर्णा नदीच्या अलीकडे तांडा दोन दिवस थांबवला होता, कारण बैलांचे खांदे सुजले होते. दुसऱ्या अडत्याचा माल पुढे गेला, वाघिणी त्याला मिळाल्या आणि गोवर्धनशेटचा कापूस अकोल्याच्या मालधक्क्यावर आठ दिवस ऊन खात पडला. दुसरा कुणी असता तर नत्थुजीवर खेकसला असता. शेटनं काय केलं, तर त्याला दुकानात बोलावून शेजारी गादीवर बसवलं.

"नत्थुजी," शेट म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस बंडीवर बसून शेपट्या पिळतो, हे मला बघवत नाही. आजपासून तुम्ही माझे जमादार."

आणि त्यानं बनातीचा लाल पट्टा काढला. त्यावर पितळेची ही एवढी मोठी चपरास, म्हणजे बिल्ला, दिवाळीच्या तबकासारखी घासलेली. वर महिन्याचा पगार, बसायला तट्टू, आणि वाटेत शेटच्या कोठीतून वेगळा शिधा. तांदूळ, तूप आणि गूळ! नत्थुजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पट्टा छातीवर आडवा घालून तो बाजारातून निघाला तेव्हा ओळखीची आणि बिनओळखीची माणसं वाट सोडून उभी राहिली. एका हमालानं तर चक्क सलाम ठोकला. बारा वर्षांत नत्थुजीला कुणी सलाम केला नव्हता, आणि त्याला आजवर त्याची उणीवही भासली नव्हती. आता एकदम भासली.

तांड्यातले लोक तर त्याच्याहून खूश झाले. त्यांच्यातलाच एक जण वर चढला होता, मग का नाचू नये? जानराव नावाचा तिखट जिभेचा म्हातारा बंडीवाला होता, तोसुद्धा चपरास हातानं चाचपून म्हणाला, "लेका, मुकादमाले आता दात फुटले." वाहेद हा त्यांच्यातला सगळ्यांत कमी बोलणारा. अमरावतीच्या तेलीपुऱ्याचा, वडलांपासून बंडी हाकणारा. तोही हसला आणि म्हणाला, "मुबारक हो, नत्थुभाऊ. आता आपल्याले कोन आडवते!" सगळ्यांचा हिशेब एकच होता: मुकादम होताच, त्यात पट्टा मिळाला, झाला जमादार. आंब्यावर जसा मोहर येतो तसा मुकादमावर पट्टा आला. मुकादमाची जागा रिकामी झाली, हे त्या एकतीस शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आलं ते नत्थुजीच्या बायकोच्या, सुभद्राबाईच्या, डोक्यात, पण तेही वेगळ्या वाटेनं. तिला काळजी बैलांची.

"मंग आपली बंडी कोन हाकन?" तिनं विचारलं.

"कोनी नाही. जमादार बंडी हाकत नसते. शेटनं सांगतलं, बैलायले घरी इसावा द्या."

"अन् नदीत पयली बंडी कोनाची जाईन?"

"आता हुकमानं जाईन," नत्थुजी म्हणाला आणि आरशासमोर पट्टा सरळ करू लागला. सुभद्राबाईनं त्याच्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, आणि बैलांना पेंड घालायला निघून गेली.

सातव्या दिवशी तांडा निघाला. काय तो निघण्याचा थाट! तीस बंड्या, प्रत्येकीवर कापसाच्या बोऱ्यांचे डोंगर, आणि सगळ्यांच्या पुढे तट्टूवर नत्थुजी. दुसऱ्या एका अडत्याचा चाळीस बंड्यांचा तांडाही त्याच सकाळी निघाला होता, आणि दोन्ही तांड्यांना एकच गोष्ट ठाऊक होती: अकोल्याच्या धक्क्यावर जो आधी पोचेल त्याला वाघिणी. म्हणजे ही शर्यतच! बडनेऱ्याच्या वाटेवर दोन्ही तांडे अंगाला अंग घासत चालले. हाळ्या, घुंगरं, धूळ, शिव्या! नत्थुजी तट्टू दौडवत मागेपुढे करत होता आणि ओरडत होता, "हाना! हाना! शेटचा हुकूम हाय!" बारा वर्षं बैलांच्या चालीनं चाललेल्या माणसाला घोड्याची चाल सापडली की तो वेडा होतो, तसं झालं होतं त्याचं.

पहिला मुक्काम पडला. चुली पेटल्या. नत्थुजीनं सवयीनं आपल्या चुलीपुढची जागा हातानं साफ केली आणि मांडी घालून बसला. भाकरी थापल्याचे आवाज आले, भाजल्याचा वास आला. कुणीच आलं नाही. थोड्या वेळानं त्यानं खाकरून पाहिलं. जानराव आपल्या चुलीपाशी बसून भाकर आणि ठेचा खात होता. नत्थुजी उठून त्याच्याकडे गेला.

"काहून जानराव, आज कोर नाही?"

जानराव एकदम उठून उभा राहिला, तोंडात घास तसाच. "तुमाले कशी द्याव जी? तुमाले शेटचा शिधा हाय. जमादारसायबाले ज्वारीची कोर देली, तं बरं दिसन का?"

हा जानराव बारा वर्षं त्याला अरेतुरे करत आला होता. 'नत्थ्या' म्हणायचा. आज एकदम 'जी' आणि 'साहेब'. नत्थुजीला गुदगुल्या झाल्या. हा मान आहे, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि परत येऊन तूप घातलेला भात जेवला. भात पांढराशुभ्र होता, तूप अस्सल होतं, आणि तरीही त्याचं पोट भरेना. कुणाच्या बैलाचा खांदा दुखतो आहे, कुणाला ताप आहे, हे त्या दिवशी त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. त्याची आठवणही त्याला झाली नाही, कारण डोक्यात शर्यत होती.

तीन दिवस असे हां हां म्हणता गेले. मूर्तिजापूर मागे पडलं. दुसरा तांडा कोसभर मागे राहिला. चौथ्या दिवशी काटेपूर्णा आली, आणि समोर पाहून सगळ्यांनी कासरे आवळले. माघाच्या महिन्यात वर कुठेतरी गारा पडल्या होत्या. एरवी घोट्याएवढी वाहणारी नदी गढूळ होऊन काठोकाठ चालली होती. पाणी चाकाच्या तुंब्याच्या, म्हणजे मधल्या गाभ्याच्या, वर असणार, हे नजरेला कळत होतं. तळ कसा असेल, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि तिथे एक गंमत झाली. तीसही बंड्या काठाशी आल्या आणि आपोआप दोन बाजूंना सरकल्या. मधोमध वाट मोकळी झाली. दर खेपेला अशीच व्हायची, मुकादमाची बंडी पुढे यावी म्हणून. सगळे मागे वळून पाहू लागले. तट्टूवरचा नत्थुजीसुद्धा मागे वळून पाहू लागला! त्या मोकळ्या वाटेनं कुणीच आलं नाही. जी बंडी यायची ती वलगावच्या गोठ्यापुढे उभी होती, आणि तिचे बैल सुभद्राबाईच्या हातची पेंड खात होते.

"कोनाले वाट देऊन राह्यलो बे आपन?" जानराव म्हणाला.

नत्थुजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानं तट्टूला टाच मारली आणि ओरडला, "पाहून काय राह्यले? घाला बंड्या!"

कुणी बैलाच्या पाठीवर हात ठेवला, कुणी कासरा ओढून धरला. बंडी मात्र कुणी घातली नाही. हे बंड नव्हतं, बरं का. पहिली बंडी आपली नव्हे, एवढंच प्रत्येकाला माहीत होतं, आणि जी पहिली ती कोणती, हे कुणालाच माहीत नव्हतं. मागून दुसऱ्या तांड्याच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला.

"शेटचा हुकूम हाय!" तो पुन्हा ओरडला. "जो थांबन त्याची बंडी पुढच्या खेपेले नाही!"

तेव्हा वाहेद खाली उतरला. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून कमरेला आवळलं, आणि पाण्यात शिरला. आधी मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. पायानं तळ चाचपत तो मधोमध गेला, थोडा डावीकडे सरकला, परत आला, आणि आपल्या बैलांच्या कपाळांवरून हात फिरवून म्हणाला, "चला बेटे." बैल पाण्यात उतरले. बंडी तिरकी झाली, पाणी बोऱ्यांना लागतं की काय असं झालं, आणि मग चाकं पलीकडच्या वाळूत चढली. असा काही ओरडा झाला म्हणता! वाहेदच्या चाकोरीवर चाक ठेवून एकामागून एक एकोणतीस बंड्या पार झाल्या. सगळ्यांत शेवटी जमादार नत्थुजी आला, नवे जोडे भिजू नयेत म्हणून तट्टूवर दोन्ही पाय वर धरून.

आणि तो खूश होता! तुम्हाला वाटेल, ह्याला लाज वाटली असेल. छे! दुसरा तांडा अलीकडेच अडकला होता आणि आपला पलीकडे. त्याला वाटलं, पट्ट्याचा जोर तो हा! "पाह्यलं?" तो जानरावाला म्हणाला. "मुकादम असतो तं बैल जुपून, पाण्यात उतरून, निम्मा दिस गेला असता. दोन हुकमात काम झालं."

"व्हय जी," जानराव म्हणाला. त्या 'जी'मध्ये काय काय होतं, ते नत्थुजीला ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी बोरगावला मुक्काम पडला. नत्थुजी आपला भात शिजवत होता. समोरून बंडीवाले एकेक करून उठले. जानराव उठला, त्याच्यामागून दुसरा, तिसरा. प्रत्येकाच्या हातात भाकरीची कोर होती आणि प्रत्येक जण वाहेदच्या चुलीकडे जात होता. वाहेद ओला अंगरखा वाळवत बसला होता. तो आधी नको नको म्हणत होता, मग त्यानं एक कोर उचलून तोंडात टाकली आणि देणाऱ्याला काहीतरी विचारलं. तो देणारा खाली बसला आणि बोलू लागला.

नत्थुजीनं हे पाहिलं. बारा वर्षं ज्यानं त्या कोरी खाल्ल्या त्याला त्याचा अर्थ कळणार नाही, असं कसं होईल? पण माणसाला एखादी गोष्ट कळून घ्यायची नसली की तो किती हुशार होतो! 'भिजला बिचारा,' त्यानं मनाशी म्हटलं, 'भूक लागली असन. लोकायनं खाऊ घातलं, चांगलं केलं.' आणि भाताकडे वळला. भात खाली लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोला दिसलं. सगळ्यांत आधी! धक्क्यावर एकही बंडी नव्हती. शेटचा अकोल्याचा गुमास्ता, शेषराव, छत्री घेऊन उभा होता, तो नत्थुजीला पाहून धावत आला आणि त्याची पाठ थोपटली. "वा जमादार! शेटनं माणूस बरोबर हेरला!" नत्थुजीची छाती इतकी फुगली की पट्टा करकचला. स्टेशनाच्या यार्डात चिखल झाला होता, कारण तिकडेही गारा पडून गेल्या होत्या, पण त्याची कुणाला पर्वा? तीस बंड्या चाकाला चाक लावून धक्क्यापुढे उभ्या राहिल्या, माणसं खाली उतरून रुळांकडे टकमक पाहू लागली. तांड्यातल्या निम्म्या लोकांनी आगगाडी अजून पाहिली नव्हती, आणि बैलांनी तर एकानंही नाही. आजवर माल धक्क्यापासून लांब उतरवायचे. आज वाघिणी थेट पुढ्यात लागणार होत्या.

"आली! आली!" कुणीतरी ओरडलं.

आधी धूर दिसला. मग जमीन थरथरली. मग ते काळं धूड वळणावरून बाहेर आलं, आणि धक्क्यापाशी येता येता त्यानं अशी एक शिटी मारली की नत्थुजीच्या तट्टूनं त्याला सरळ चिखलात बसवलं आणि ते पळून गेलं.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं. साठ बैल एकदम उधळले. पण उधळायला जागा कुठे होती? चाकं चाकांत अडकलेली, मागे भिंत, पुढे ते धूर ओकणारं धूड. जू वर गेली, माना पिळवटल्या, एक बैल गुडघ्यावर आला आणि त्याच्या जोडीदारानं त्याला तसाच ओढला. दोन बंड्यांच्या मध्ये एक गडी सापडला आणि ओरडू लागला. नत्थुजी चिखलातून उठला. बोरे हलताना त्याला दिसले. बैलाला जुवाशी बांधणारी गळ्यातली दोरी, म्हणजे जोतं, सुटलं की जू खाली येणार, बंडी तोंडावर पडणार आणि शेटचा बर्फासारखा पांढरा कापूस चिखलात लोळणार. बेंबीच्या देठापासून तो ओरडला:

"कापूस सांभाया! जोतं कोनी सोडू नका! शेटचा हुकूम हाय!"

आणि त्याच क्षणी पलीकडून वाहेद ओरडला:

"जोते सोडा! बैल मोकये करा! बंडी जाऊ द्या!"

दोन हुकूम, एकदम, सारख्याच जोरानं. नत्थुजीनं पाहिलं. एकानंही त्याच्याकडे मान वळवली नाही. जानराव वाकला होता, पलीकडचा वाकला होता, सगळे गळ्यांतली जोती सोडत होते, आणि बंड्या धडाधड तोंडावर येत होत्या, बोरे घसरत होते, फाटत होते, रुई चिखलात पसरत होती आणि बैल तिच्यावरून उड्या मारत मोकळ्या जागेकडे सुटत होते.

नत्थुजीच्या अगदी पुढ्यात एक बंडी होती. तिचा गाडीवान गाड्यांमध्ये सापडलेल्या गड्याला ओढायला धावला होता. बैल गुडघ्यावर होता, जोतं गळ्यात रुतलं होतं, जीभ बाहेर आली होती. त्यानं डोळा फिरवून नत्थुजीकडे पाहिलं. बारा वर्षांत कितीतरी बैलांनी त्याच्याकडे असं पाहिलं होतं. नत्थुजीला पुढचं काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की त्याचे दोन्ही हात जोत्यावर होते, गाठ ओली होऊन आवळली होती, ती सुटेना तेव्हा त्यानं तिला दात लावले, आणि वाहेदचा आवाज पुन्हा आला, "सोडा! सोडा!" तेव्हा तो जोत्यातूनच ओरडला, "सोडतो बे, मुकादम, सोडतो!"

गाठ सुटली. बैल उठला, थरथरला, आणि पळाला. बोऱ्यांचा डोंगर नत्थुजीच्या अंगावरून चिखलात गेला.

इंजिन पुढे जाऊन थांबलं. शांत झालं. वाहेदनं तीस माणसं मोजली, साठ बैल मोजले. एका गड्याचा हात मोडला होता, एका बैलाचं शिंग. बाकी सगळे जिवंत. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, रडत होते, हसत होते. नत्थुजी कापसात बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत चिखल आणि रुई, आणि त्याला इतका आनंद झाला होता की तो आवरता आवरेना.

तेवढ्यात शेषराव गुमास्ता आला. छत्री मिटलेली, तोंड पांढरं. त्यानं चिखलातल्या कापसाकडे पाहिलं, मग माणसांकडे.

"कोणाच्या हुकमानं जोती सोडली?"

वाहेद पुढे आला. तो तोंड उघडणार, तोच नत्थुजी उठून मध्ये उभा राहिला.

"मुकादमानं सांगतलं," तो म्हणाला.

"मुकादमानं?" गुमास्ता किंचाळला. "अन् तू? तू जमादार ना? शेटचा पट्टा आहे ना छातीवर? तू काय हुकूम दिला होता?"

"मी म्हनलं होतं, कापूस सांभाया."

"मग?"

नत्थुजीनं दातांत अडकलेला जोत्याचा धागा काढला आणि थुंकला.

"कोनी आइकलं नाही," तो म्हणाला. "मीबी नाही आइकलं."